आयसीयूत बाबा, व्हायरल न्यूमोनिया: सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिनचे आकडे नक्की वाचायचे कसे?

लालबागची_लेक

नमस्कार. खूप गोंधळ उडालाय म्हणून विचारतेय, कुणी डॉक्टर, सिस्टर किंवा लॅबमधलं असेल तर प्लीज सांगा. माझे बाबा, वय ६७, शुगर आहे, गोळ्या चालू असतात. आधी सर्दी-खोकला, मग ताप, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी मलेरिया-डेंग्यूच बघितला कारण आमच्या मजल्यावर दोघांना डेंग्यू झालेला आणि पावसात आपल्याकडे तेच बघतात, ते निगेटिव्ह आलं. मग एकदम दम लागायला लागला, बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ८४ दिसला तसं जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, एक्सरेत दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी, घशाचा स्वॅब निगेटिव्ह. तिथून दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं आणि नळीतून काढलेल्या कफात एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, पॉझिटिव्ह आलं.

आता मुद्दा रिपोर्टचा. रोज रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि मी ती घेऊन बसते. नर्सिंग होममध्ये सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) १४.२ होता, मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर दुसऱ्याच दिवशी १२८. एका रात्रीत एवढा वाढतो का?? नंतर ९६ वर आला, प्रोकॅल्सिटोनिन नावाची दुसरी रक्ताची टेस्ट ०.३ होती, डॉक्टर म्हणाले व्हायरलच दिसतंय, ठीक आहे. आणि आज परत ताप, बीपी पडलं, बीपीचं इंजेक्शन सुरू केलं, सीआरपी १७१, प्रोकॅल्सिटोनिन ४.८, पांढऱ्या पेशींचा काउंट १९,४००, किडनीचं क्रिएटिनिन २.१. फेरिटिन १९००, एलडीएच ७८० हेही लाल अक्षरात आहे. राउंडला मोठे डॉक्टर दोन मिनिटं बोलले, अँटिबायोटिक बदलतोय म्हणाले आणि गेले.

मला कळत नाहीये ते हे की व्हायरस आहे तर पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक कशाला चालू आहे, आणि हे आकडे वाढले म्हणजे व्हायरस वाढला की दुसरं काही झालं? माझ्या मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवलाय की रक्ताच्या एका टेस्टने १५ मिनिटांत व्हायरल की बॅक्टेरियल कळतं, मग ती टेस्ट आपल्याकडे का करत नाहीत? आई सारखी विचारते "आज रिपोर्ट कसा आहे" आणि मी तिला काय सांगू तेच समजत नाही.

---

रातपाळी_सिस्टर

ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटो. मी आयसीयूतच काम करते, गेली बरीच वर्षं, तुमच्यासारखे नातेवाईक रोज दाराशी उभे असतात त्यामुळे तुमची घालमेल समजते.

पहिलं म्हणजे दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवा आणि सीआरपीच्या आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात युनिट काय लिहिलंय ते बघा. मला जवळपास खात्री आहे की नर्सिंग होमच्या लॅबने एमजी पर डीएलमध्ये दिलाय आणि मोठ्या हॉस्पिटलने एमजी पर लिटरमध्ये. एक डीएल म्हणजे १०० मिली, म्हणजे दहापट फरक. तुमचे १४.२ म्हणजे दुसऱ्या हिशोबात १४२ आणि मग १४२ चे १२८ म्हणजे थोडा उतरलाच होता. हे आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी होतं, पेशंट एका ठिकाणून दुसरीकडे आला की नातेवाईक घाबरून येतात की दहापट वाढलं. नॉर्मल रेंजचा रकानाही बघा, तिथे ०.५ लिहिलं असेल तर डीएलवाला आणि ५ किंवा १० लिहिलं असेल तर लिटरवाला.

दुसरं, आईंना काय सांगायचं. सीआरपी किती ते सांगूच नका. आम्ही बेडजवळ काय बघतो सांगते: व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के लागतोय, पीप (श्वास सोडल्यावर मशीन फुप्फुसात ठेवतं तो दाब) किती ठेवलाय, बीपीचं औषध, नॉरअॅड म्हणतो आम्ही, ते तासाला किती मिलीवर आहे, लघवी किती होतेय, रक्तातल्या गॅसचा एबीजी रिपोर्ट कसा आहे. काल ८० टक्के ऑक्सिजन होता आज ६० वर आलाय ही बातमी सीआरपी निम्मा झाल्यापेक्षा मोठी. हे आरएमओला (वॉर्डातल्या ड्यूटी डॉक्टरला) किंवा ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा, मोठ्या डॉक्टरांची वाट बघत बसू नका, आम्ही सांगतो, विचारलं की सांगतो. शिफ्ट बदलायच्या वेळेला तेवढं विचारू नका.

---

लॅबवाली_परळ

सिस्टरने युनिटचं सांगितलं ते एकदम बरोबर, मी त्या रकान्याच्या पलीकडची माणूस, बायोकेमिस्ट्रीत आहे. थोडं सविस्तर लिहिते कारण लोक हे सगळे आकडे "इन्फेक्शनचे" म्हणून एकाच पिशवीत टाकतात आणि तिथेच गडबड होते.

सीआरपी जंतू बनवत नाहीत, तो आपल्याच लिव्हरमध्ये बनतो. फुप्फुसात जंतू कुठलाही असो, किंवा नुसती मोठी जखम असो, ऑपरेशन असो, शरीरातल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात, ते लिव्हरला जाऊन सांगतं आणि लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. वाढायला ६ ते १२ तास, साधारण दोन दिवसांत टोकाला, आणि कारण गेलं की दर १९ तासांनी निम्मा. १९३० मध्ये न्यूमोनियाच्याच पेशंटच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून त्याचं काम एकच: आग किती आहे ते सांगणं. सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा पाऊस किती पडला ते सांगतो, हिंदमाताला पाणी कुठल्या गटारातून आलं ते सांगत नाही, तसंच आहे हे. साध्या सर्दीत सीआरपी फार वाढत नाही हे खरं, पण व्हेंटिलेटरवर जाण्याइतका वाईट फ्लू किंवा कोविड असेल तर एकट्या व्हायरसनेही शंभर-दीडशे जातो. म्हणून बाबांचा १४२ बघून कुणी "बॅक्टेरिया आहेच" म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं.

प्रोकॅल्सिटोनिन वेगळं आहे. एरवी ते थायरॉइडच्या काही पेशींमध्ये बनतं, त्यापासून कॅल्सिटोनिन होतं आणि रक्तात जवळपास काहीच दिसत नाही. बॅक्टेरियाचा संसर्ग अंगभर पसरला की लिव्हर, फुप्फुस, चरबी, सगळीकडच्या पेशी ते बनवायला लागतात, ३ ते ६ तासांत वाढतं. आणि व्हायरस असेल तेव्हा शरीर जे इंटरफेरॉन गॅमा बनवतं ते ह्याला दाबतं. म्हणून सीआरपी जोरात आणि प्रोकॅल्सिटोनिन ०.३ ही जोडी बघून तुमच्या डॉक्टरांनी "व्हायरलच दिसतंय" म्हटलं. ०.२५ च्या खाली बॅक्टेरियाची शक्यता कमी, ०.५ च्या वर विचार करायचा, ह्या ढोबळ रेषा आहेत, कोरलेल्या नाहीत.

पण ४.८ बघताना क्रिएटिनिन २.१ सोबत वाचा. किडनी मंदावली की प्रोकॅल्सिटोनिन रक्तात जास्त वेळ राहतं. बीपी पडून सगळ्या अवयवांना रक्त कमी पडलं की त्यानेही वाढतं. मोठ्या ऑपरेशननंतर, भाजल्यावर, हार्ट बंद पडून परत सुरू झाल्यावर, बॅक्टेरिया नसतानाही वाढतं. आणि आपल्या मुंबईचं खास म्हणजे मलेरिया आणि लेप्टोतही वाढतं, पावसाळ्यात हा आकडा एकटा वाचायचाच नाही.

एलडीएचचं एक सांगायचंय, मला ह्याची फार तळमळ आहे. एलडीएच तांबड्या पेशींमध्ये भरपूर असतं. सुजलेल्या हातातून बारीक सुईने ओढून ओढून रक्त काढलं, किंवा ट्यूब जोरात हलवली, की पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं पाणी पिवळसर न दिसता गुलाबी दिसतं आणि एलडीएच, पोटॅशियम दोन्ही खोटे वाढतात. चांगली लॅब रिपोर्टखाली "सॅम्पल हिमोलाइज्ड" लिहिते. तुमच्या पीडीएफच्या तळाशी ती ओळ आहे का बघा. नसेल तर ७८० खरा धरा, फुप्फुसाच्या पेशी खराब होतायत त्याची ती खूण, फेरिटिन पण तसंच, आजार किती जोरात आहे ते सांगतं, व्हायरस कुठला ते नाही.

---

श्वासवाला_डॉक

क्रिटिकल केअरमध्ये आहे. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे त्यांच्या टीमच्या जागी धरू नका, पण तुमचे प्रश्न बरोबर आहेत आणि त्यांना उत्तर मिळायला हवं.

अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून का. कारण व्हेंटिलेटरवर गेलेल्या फ्लूच्या पेशंटमध्ये काही जणांना सोबत बॅक्टेरियाही असतो, न्यूमोकोकस, स्टॅफ, आणि तो चुकला तर काही तासांत खेळ संपतो. १९१८ च्या साथीतल्या मृतांची फुप्फुसं नंतर तपासली तेव्हा बहुतेकांमध्ये बॅक्टेरियाचाच न्यूमोनिया मिळाला. अमेरिकेच्या छातीरोग आणि संसर्गरोग संघटनांच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की न्यूमोनियाचं निदान असेल तर प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे एवढ्यावर सुरुवातीचं अँटिबायोटिक रोखू नका. म्हणजे सुरू करायला हा आकडा कच्चा आहे, बंद करायला मात्र चांगला. नेदरलँड्समध्ये दीड हजारावर आयसीयू पेशंटवर ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापली, त्यात प्रोकॅल्सिटोनिन टोकापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ पर्यंत आलं की अँटिबायोटिक थांबवायचा सल्ला होता. औषधाचे दिवस ७ वरून ५ वर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी झाले.

आज काय झालं असेल. आधी उतरत असलेला ताप परत, काउंट वर, बीपी खाली, ०.३ चं ४.८. माझ्या डोक्यात आधी व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया येईल, म्हणजे नळी घातल्यावर दोन दिवसांनंतर कधीही होतो तो, आपल्याकडे त्यात क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे नेहमीचे बॅक्टेरिया. व्हायरस वाढलाय असं मी ह्यावरून म्हणणार नाही. लॅबवाली म्हणतायत तसं किडनी आणि बीपीमुळे आकडा फुगला असेल हेही खरं, पण अशा वेळी कल्चर (कफ-रक्तातले जंतू वाढवून ओळखायची टेस्ट) पाठवून अँटिबायोटिक बदलणं बरोबरच, वाट बघायची ही वेळ नव्हे. एक आठवण ठेवा, स्टेरॉइड चालू असेल तर काउंट नुसत्या त्यानेही वाढतो, आणि कोविडमध्ये टोसिलिझुमॅब दिलं की सीआरपी पडून राहतो, आत काय चाललंय ते त्यावरून दिसत नाही, कारण ते औषध इंटरल्यूकिन-६ लाच अडवतं. म्हणून औषधं माहीत नसताना कुणी नुसते आकडे पाठवले तर मी उत्तर देत नाही.

फ्लूच्या पेशंटमध्ये अजून एक विसरलं जातं, बुरशी. नेदरलँड्स-बेल्जियमच्या २०१८ च्या अभ्यासात आयसीयूत आलेल्या फ्लूच्या दर ५ पैकी जवळपास एकाला ॲस्परजिलस निघाला होता. त्याची गॅलॅक्टोमॅनन टेस्ट रक्तात बरेचदा निगेटिव्ह येते, दुर्बिणीने फुप्फुस धुवून घेतलेल्या पाण्यात जास्त सापडतं. नव्या अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर हे विचारा.

आता १५ मिनिटांची टेस्ट. फॉरवर्ड खोटा नाहीये. अशी एक टेस्ट आहे, अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, ती रक्तात तीन प्रोटीन मोजते: ट्रेल, आयपी-१० आणि सीआरपी. ट्रेल व्हायरसमध्ये वाढतं आणि बॅक्टेरियात उलट खाली जातं, म्हणून ते कामाचं. दुसरं एमएक्सए नावाचं प्रोटीन, व्हायरस आला की इंटरफेरॉन सुटतं आणि त्याने पांढऱ्या पेशींच्या आत हे बनतं, पेशींच्या आत असल्यामुळे ते नुसत्या सीरममध्ये नीट मिळत नाही, पूर्ण रक्त घेऊन पेशी फोडून मोजावं लागतं. आणि आयएफआय२७ नावाचा एक जीन, फ्लूमध्ये रक्तातल्या पेशींत तो जोरात चालू होतो. ह्या सगळ्यांची गंमत अशी की प्रोकॅल्सिटोनिन "बॅक्टेरिया आहे का" विचारतं, हे "व्हायरस आहे का" विचारतात, आणि घशाचा स्वॅब निगेटिव्ह असला तरी अंगाने व्हायरस ओळखलाय हे ते दाखवू शकतात. बाबांचा स्वॅब निगेटिव्ह आणि खालचा कफ पॉझिटिव्ह, अगदी हाच प्रसंग. व्हायरस घशातून उतरून खाली फुप्फुसात बसलेला असतो तेव्हा असं होतं.

पण मग आयसीयूत ह्या का वापरत नाही. एक तर ह्यांचा बराचसा अभ्यास ताप घेऊन कॅज्युअल्टीत आलेल्या लोकांवर झालाय, ज्यांचा आजार थोड्या दिवसांचा आहे. आमच्याकडचा पेशंट वेगळा: फ्लू आहे, वर बॅक्टेरिया आहे, किडनी आहे, रक्त चढवलंय, प्रतिकारशक्ती थकलीय. "हे की ते" विचारणारी टेस्ट "हेही आणि तेही" असलेल्या माणसाला काय उत्तर देणार. दुसरं जास्त महत्त्वाचं. २०२० मध्ये कोविडवर एक मोठं काम झालं, त्यात जीवघेण्या कोविडच्या पेशंटपैकी निदान १० टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, त्यात वयस्क पुरुष जास्त. म्हणजे ज्याचं इंटरफेरॉन आधीच अडवलं गेलंय त्याच्यात इंटरफेरॉनवर चालणारा मार्कर कमी दिसू शकतो, आणि नेमका तोच सगळ्यात आजारी असतो. ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारात उलटं, व्हायरस नसताना एमएक्सए वर. म्हणून मार्कर निगेटिव्ह आला तर मी फ्लूचं औषध टॅमीफ्लू बंद करणार नाही, आणि पॉझिटिव्ह आला तर बीपी पडलेल्या पेशंटचं अँटिबायोटिकही काढणार नाही. ज्या टेस्टने मी काहीच बदलणार नाही ती पेशंटच्या बिलात घालायला मला आवडत नाही.

---

चर्चगेट_स्लो

डॉक्टर आणि सिस्टर दोघांना मनापासून मान, पण एका गोष्टीवर बोलायचंय. "आकडा सांगू नका", "नुसते आकडे पाठवू नका" हे ठीक, पण नातेवाईकाच्या हातात दुसरं असतं काय? आमचे मामा असेच होते, त्यांना कोविड होता, आत सोडत नव्हते, दिवसातून एक फोन यायचा, "सीरियस आहेत, ट्रीटमेंट चालू आहे", एवढंच. त्या पीडीएफ हीच आमची भेट होती. त्यामुळे माणूस त्या आकड्यांना चिकटून बसतो ह्यात त्याचा दोष नाही, कुणी नीट बसून बोलत नाही म्हणून तसं होतं.

ताई, आम्ही काय केलं ते सांगतो. दोनशे पानी वहीत रोजची एक ओळ. तारीख, सीआरपी युनिटसकट, प्रोकॅल्सिटोनिन, क्रिएटिनिन, प्लेटलेट, लिम्फोसाइट, आणि सगळ्यात शेवटी त्या दिवशी काय बदललं: नवीन अँटिबायोटिक, स्टेरॉइड सुरू, रक्त चढवलं, डायलिसिस. तो शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा निघाला, कारण आकडा का हलला ते तिथे कळायचं. दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी फाइल बाजूला ठेवून ती वहीच वाचली. आणि फॅमिली मीटिंग मागा, त्याच शब्दात मागा, "आम्हाला १५ मिनिटं बसून बोलायचंय, वेळ द्या". राउंडमध्ये पळत पळत विचारलं की पळत पळतच उत्तर मिळतं. घरातला एकच माणूस विचारायला ठेवा, चार जणांनी चार वेळा विचारलं की चार वेगळी उत्तरं घेऊन घरी भांडणं होतात.

---

लालबागची_लेक

तुमचे सगळ्यांचे किती आभार मानू. नर्सिंग होमच्या रिपोर्टवर खरंच एमजी पर डीएल आहे, नॉर्मल ०.५ पर्यंत. आईला तेवढं सांगितलं की ते वाढलेलं नव्हतंच, तर ती पहिल्यांदा जेवली नीट.

अपडेट देते. मीटिंग मिळाली, दुसऱ्या डॉक्टर मॅडम होत्या, छान बोलल्या. कफाच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला आलाय, म्हणजे श्वासवाला डॉक म्हणाले तसंच. नवीन अँटिबायोटिकवर प्रोकॅल्सिटोनिन ४.८ चं ३.१ आणि आज १.६, बीपीचं इंजेक्शन अर्ध्यावर आणलंय, ऑक्सिजन ७० टक्क्यांवरून ५५. सीआरपी मात्र १७१ चा १६० च, ते बघून परत पोटात गोळा आला. वही सुरू केलीय दादा.

आणि एक, आईला कालपासून अंगदुखी आणि खोकला आहे, ताप ९९.८. तिलाही शुगर आहे. तिचा सीआरपी बाहेरून करून घेतला तर ४ आला, नॉर्मल. म्हणजे तिला ते नाहीये ना?

---

लॅबवाली_परळ

सीआरपी मागे राहतोच, प्रोकॅल्सिटोनिन आधी हलतं आणि सीआरपी एखाद-दोन दिवसांनी मागून येतो. १.६ बघून मला फार बरं वाटलं, क्रिएटिनिन वर असतानाही उतरतंय म्हणजे उतार खरा आहे.

---

श्वासवाला_डॉक

ताई, आईचं आधी. नॉर्मल सीआरपीने फ्लू नाही असं अजिबात ठरत नाही, पहिल्या-दुसऱ्या दिवशी तो नॉर्मल असतोच बऱ्याच जणांचा. घरात एच१एन१ चा पेशंट, वय, त्यात शुगर, आणि आता लक्षणं: केंद्र सरकारच्या एच१एन१ च्या वर्गवारीत असा पेशंट बी गटात येतो, म्हणजे टेस्टची वाट न बघता ऑसेल्टामिव्हिर (म्हणजे टॅमीफ्लूच) सुरू करायचं असतं, आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तुमचा एक दिवस गेलाय. आजच, संध्याकाळची वाट न बघता, फॅमिली डॉक्टरकडे किंवा पालिकेच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत न्या, बाबांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट फोनवर दाखवा. गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, किडनी बघून डोस ठरतो. घरी बोटाचं मशीन आहेच, आईला सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून बघा, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा बोलताना धाप लागली तर ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी.

बाबांचं प्रोकॅल्सिटोनिन ०.९-१.० च्या आसपास आलं की मॅडमना विचारा की अँटिबायोटिक किती दिवसांचं ठरवलंय. आईचं काय झालं ते कळवा.

---

रातपाळी_सिस्टर

आणि आईंना बाबांना भेटायला आणू नका सध्या. तुम्ही जाताना मास्क लावून जा, आत-बाहेर दोन्ही वेळा हात धुवा. व्हिडिओ कॉल सिस्टरला सांगितलात तर दुपारी जेवणानंतर थोडा निवांतपणा असतो तेव्हा लावून देतात, बाबांचं सेडेशन, म्हणजे झोपेचं औषध, कमी करत असतील तर ओळखीचा आवाज त्यांना ऐकू येऊ दे.